सरसाच्या भरवशावर उडालेलं विमान

गेल्या पावसाळ्यात आमच्या नेरुळच्या घरात सिंकखालच्या कपाटाचं दार फुगलं. कड नखाने उचकली, तर पापुद्रे वहीच्या पानांसारखे सुटे झाले. लाकूड शाबूत होतं, सरस हरला होता. अशाच प्लायचं लढाऊ विमान दुसऱ्या महायुद्धात उडत होतं. ते कसं घडवत, हे समजून घेतलं की घरातलं प्लायही आपल्याला कळू लागतं.

ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचं हे विमान म्हणजे मॉस्किटो. पहिलं उड्डाण 25 नोव्हेंबर 1940 चं. अ‍ॅल्युमिनियमची टंचाई होती, पण फर्निचरचे कारखाने आणि कसबी सुतार हाताशी होते. अशी 7,781 विमानं तयार झाली.

आधी बर्चचा ओंडका फिरवत त्यावर लांब पातं धरायचं. पेन्सिल छिलावी तसा सलग पापुद्रा निघतो, त्याला व्हिनिअर म्हणतात. लाकूड धाग्यांच्या दिशेने चिवट असतं, पण धाग्यांच्या मधून सहज चिरतं. म्हणून एकावर एक चिकटवताना प्रत्येक पापुद्र्याचे धागे खालच्याला आडवे ठेवायचे.

मग साचा. विमानाचं धड शेंगेसारखं उभं दोन फाकांत करत, प्रत्येक फाक महोगनीच्या किंवा काँक्रीटच्या साच्यावर. आत पातळ प्लाय, मध्ये जेमतेम सेंटिमीटरभर बाल्सा, म्हणजे अतिशय हलकं लाकूड, आणि वरून पुन्हा प्लाय. सगळं पोलादी पट्ट्यांनी आवळून सरस वाळेपर्यंत तसंच ठेवायचं.

गडबड होते ती इथेच. लाकूड ओलसर असलं, दाब सगळीकडे सारखा बसला नाही किंवा दोन भागांत फट राहिली, तर वरून काहीच दिसत नाही आणि सांधा मात्र कच्चा राहतो.

फाका उघड्या असतानाच आतल्या तारा नि नळ्या बऱ्याचशा बसवून घेत. किती सोयीचं! मग फाका जोडून वरून मडपोलम नावाचं तलम सुती कापड चढवत. हे नाव आंध्रातल्या नरसापूरजवळच्या एका गावावरून आलेलं आहे.

सुरुवातीचा सरस दुधातल्या केसीनचा होता. दमट हवेत त्याला बुरशी धरते. पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइडचा, म्हणजे कृत्रिम रसायनाचा सरस आला. तरीही 1944 च्या ऑक्टोबरात भारतात काही मॉस्किटोंचे पंख हवेतच निखळले, वैमानिक दगावले आणि नोव्हेंबरात इथली मॉस्किटो विमानं जमिनीवर थांबवली गेली. आपल्या हवेवर खापर फोडणं सोपं होतं. पण तपासात पंखांचे सांधे कारखान्यातच नीट न बसल्याचं दिसलं. मुख्य तुळईवरच्या सांध्यावर प्लायची लांब पट्टी चिकटवून तो बंद करण्याचा उपाय निघाला.

आज दुकानात मिळणाऱ्या एमआर प्लायमध्ये सहसा हाच युरियाचा सरस असतो. दमटपणा तो सोसतो, साचलेलं पाणी नाही. आमच्या दारालाही एमआरच वापरलं होतं. सिंकखाली आपण फिनॉलच्या सरसाचं बीडब्ल्यूपी प्लाय घ्यावं आणि त्यावर आयएस 710 चा शिक्का पाहावा. सुताराने कापलेली प्रत्येक कड, बिजागरीच्या खाचेसकट, सील करून घ्यावी, कारण पाणी बहुतेक वेळा कडेतूनच आत शिरतं.