आभासी वास्तव आणि रुग्णसेवा

'आभासी वास्तव' हा शब्दप्रयोग आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. डोळ्यांवर उपकरण चढवावे, मान वळवावी तसे समोरचे दृश्य वळावे आणि संगणकाने उभ्या केलेल्या जगातच आपण वावरत आहोत असे वाटावे, असे हे तंत्र. अमेरिकन संशोधक आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये सादर केलेले असे उपकरण छताला जोडलेले होते. आज ते सहज डोक्यावर बसते.

रुग्णालयाशी याचा संबंध काय, असा प्रश्न हितचिंतकांना पडणे स्वाभाविक आहे. भाजलेल्या रुग्णाचे ड्रेसिंग वारंवार बदलावे लागते आणि वेदनाशामक औषधे देऊनही त्या वेळच्या वेदना पुष्कळदा असह्य होतात. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी अशा रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' ही आभासी सृष्टी रचली. बर्फाच्छादित दरीतून जाता जाता रुग्ण हिममानवांवर बर्फाचे गोळे फेकतो. तेवढ्यात परिचारिका आपले काम करते. वेदना जाणवण्यासाठीही अवधान लागते. ते अन्यत्र गुंतले की वेदनेच्या वाट्याला थोडेच उरते, हे यामागील तत्त्व होय. २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीवर पूरक उपचार म्हणून अशाच एका प्रणालीस अनुमती दिली.

'पूरक' हा शब्द येथे महत्त्वाचा. या उपकरणाने जखम भरत नाही. काहींना मळमळते, गरगरते. प्रत्येक वापरानंतर ते निर्जंतुक करावे लागते.

भोवतालचा विसर पाडणे हेच या तंत्राचे बळ आणि तोच त्याचा धोकाही. ड्रेसिंगच्या वेळी जे वरदान ठरते, तेच एकाकी वृद्ध रुग्णाच्या डोळ्यांवर चढवून आपण निश्चिंत झालो, तर समाज म्हणून आपण काहीतरी गमावलेले असेल. त्या रुग्णास हवी असते ती उशाशी बसलेल्या माणसाची सोबत.

अशा उपकरणासाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. तथापि, उपकरणाची किंमत एकदाच द्यावी लागते. ते हाताळणाऱ्या परिचारिकेचे वेतन मात्र दरमहा द्यावे लागते. म्हणून वेदनाशामक औषधे व प्रशिक्षित परिचारिका यांची तरतूद आधी, उपकरण नंतर, हा क्रम आम्हास योग्य वाटतो. गरीब रुग्णाची वेदना कमी व्हावी हा आपणा सर्वांचा हेतू एकच आहे. या क्रमासही आपले औदार्य लाभावे, ही नम्र विनंती.