गोरेपणाची ट्यूब

२०२० साली ‘गरम पाणी प्या, कोरोना मरतो’ हा मेसेज आमच्या बचत गटानेही न तपासता पुढे पाठवला होता. पुढे त्याच ग्रुपवर ‘आठ दिवसांत गोरा रंग’ असा मेसेज आला. मुलीला पाहायला पाहुणे येणार म्हणून एका ताईंनी ती ट्यूब आणली. पोरगी आधी उजळली. मग चेहरा लाल झाला, उन्हात आग होऊ लागली, हनुवटीवर लव वाढली.

डॉक्टर म्हणाले, यात स्टेरॉइड आहे. त्याने कातडी पातळ होते. काही क्रीममध्ये पारा असतो, तो मूत्रपिंड बिघडवतो. आपल्या रंगाचं द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ती उन्हातली छत्रीच. शेतात राबणाऱ्या बाईने ती का मोडावी?

ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा मर्क्युरी लिहिलेलं दिसलं, किंवा घटक आणि बनवणाऱ्याचा पत्ताच नसला, तर घेऊ नका. आधीच लावत असाल तर ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

आता आमचा नियम एकच: आधी विचारायचं, मग पाठवायचं. ताईंनीही पुढच्या पाहुण्यांना सांगून टाकलं, “पोरगी सावळी आहे. पसंत असेल तरच या.”