कोलंबीच्या अंड्यांचे राखणदार

पावसाळ्यात पोफळीवर कोळेरोग दिसला की आपली बोर्डो मिश्रणासाठी धावपळ सुरू होते. बटाट्याचा करपा आणि द्राक्षांवरचा केवडा हेही त्याच घराण्यातले रोग. ह्या घराण्याची एक शाखा मात्र खाऱ्या पाण्यात राहते आणि खेकडे, कोलंब्या यांच्या अंड्यांवर जगते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

तिचे नाव लॅजेनिडियम. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील निळ्या खेकड्याच्या अंड्यांवर सापडलेल्या जातीचे वर्णन जॉन काऊच यांनी 1942 साली प्रसिद्ध केले. ह्या खेकड्याची मादी पोटाखाली स्पंजासारखा अंड्यांचा गोळा सुमारे दोन आठवडे वागवते. अंडी पहिल्यांदा नारिंगी असतात आणि फुटायच्या सुमारास काळपट होतात. रोगाचे बीजाणू दोन बारीक शेपट्यांनी पाण्यात पोहत येतात. अंड्यावर बसले की आत नळी घालतात. आतला जीव खाऊन तंतू वाढतात आणि नवे बीजाणू बाहेर सोडतात. अशी अंडी फुटत नाहीत. नारिंगी गोळ्यावर तपकिरी किंवा काळ्या गोळ्यावर राखाडी डाग दिसला, तर तो रोगाचा समजावा. लागण बहुतेक बाहेरच्या थरातच राहते, एवढेच बरे.

मग समुद्रात कोलंब्या उरतात कशा? पॅलेमॉन नावाच्या एका कोलंबीच्या पोटाखालच्या अंड्यांना हा रोग फारसा बाधत नाही. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी याचे कारण शोधून 1989 साली प्रसिद्ध केले. त्या अंड्यांच्या कवचावर एका विशिष्ट जीवाणूची वस्ती नेहमी सापडे. हे जीवाणू काढून टाकून अंडी बुरशीच्या पाण्यात ठेवली, तेव्हा ती भराभर मेली. तेच जीवाणू परत लावले तेव्हा अंडी जगली. जीवाणू न लावता, त्यांच्यापासून पाझरणारे आयसॅटिन नावाचे द्रव्य लावले, तरी जगली. हे आयसॅटिन रसायनशास्त्रज्ञांना जुने ओळखीचे आहे. 1840 च्या सुमारास ते निळीपासून तयार केले गेले होते. म्हणजे अंड्यावरचा तो बुळबुळीत थर मळ नसून राखण होती!

पुढे 1992 साली अमेरिकन शेवंडाच्या अंड्यांवरही असेच जीवाणू आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांचे द्रव्य वेगळे, टायरोसॉल. ऑलिव्हच्या तेलातही ते असते.

आपल्या पांढऱ्या कोलंबीचे मात्र तसे नाही. ती अंडी पोटाशी न धरता पाण्यात सोडते. पैदास केंद्राच्या टाकीत पिल्लांची गर्दी असते, आणि लॅजेनिडियम शिरला तर एक-दोन दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते. त्यावर ट्रायफ्लुरालिन हे शेतातले तणनाशकही अनेक ठिकाणी वापरले गेले. मॅलाकाइट ग्रीनचाही वापर होता, पण खाण्याच्या माशांसाठी ते आता अनेक देशांत बंद आहे. पाणी गाळून घेणे, मेलेली अंडी आणि पिल्ले लगेच काढणे, गर्दी कमी ठेवणे हे आम्हांला अधिक भरवशाचे वाटते. प्रतिजैविक औषध तर ह्या रोगावर ओतूच नये. त्याने बुरशी मरत नाही, मरतात ते जीवाणू, आणि राखणदार असतील तर तेही त्यांच्यातच जातात.

आपल्या बियाण्याचेही थोडे असेच आहे. हरभऱ्याला बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावावे, रायझोबियम सर्वांत शेवटी चोळावे आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. रायझोबियम चोळून झाल्यावर वरून पुन्हा बुरशीनाशक लावले, तर पाकिटाचे पैसे वाया गेलेच म्हणून समजा.