एकच पाणी, दोन परिणाम

वैशाखात धाराशिवच्या भाजीबाजारात दुपारपूर्वीच मेथीच्या जुड्या माना टाकतात. विक्रेते त्यांवर पाणी शिंपडतात, ओल्या गोणपाटाखाली झाकतात आणि काही वेळाने पाने पुन्हा टवटवीत होतात. या जादूमागे परासरण असते. पातळ पटलातून पाणी विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे आपोआप जाते. रात्री भिजवलेले मनुके सकाळी फुगतात, तेही याच नियमाने.

मेथीची पेशी मात्र पाणी पिऊन फुटत नाही. तिच्या पटलाबाहेर सेल्युलोजची भक्कम पेशीभित्तिका असते. आत शिरलेले पाणी या भिंतीवर दाब देते, भिंत तो पेलते आणि पान ताठ उभे राहते. उलट कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. पेशीतील रस आक्रसून भिंतीपासून दूर होतो. यास रससंकोच म्हणतात. द्राक्षबागेत खताची मात्रा अति झाली, तर जमिनीत ओल असूनही वेल सुकतो, त्याचे एक कारण हेच.

माणसाच्या पेशीला अशी भिंत नाही. रक्तातील तांबडी पेशी शुद्ध पाण्यात टाकली तर फुगून फुटते. दाट मिठाच्या पाण्यात ती सुरकुतते. म्हणूनच शिरेतून साधे पाणी देत नाहीत. नेहमीच्या सलाईनमध्ये दर १०० मिलिलिटरला ०.९ ग्रॅम मीठ असते. रक्ताशी मेळ राखणारे हे प्रमाण आहे.

उन्हाळ्यात जुलाबाने मूल मलूल झाले, की हा नियम घरात येऊन उभा राहतो. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आणले. त्यात साखर आतड्यातून मीठ शोषून घेण्यास मदत करते आणि त्यांच्यामागे पाणी शरीरात जाते. पण द्रावण दाट झाले, तर पाणी उलट आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. ‘थोडे जास्त घातले तर लवकर गुण येईल’ ही समजूत म्हणूनच घातक ठरते.

ओआरएसचे पाकीट त्यावर छापलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यातच पूर्ण विरघळवावे. पाकीट नसेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे; मूल सुस्त पडले वा पिईनासे झाले, तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. तराजूवर आयुष्य गेलेल्या घरांना मापाचे मोल निराळे सांगायला नको.