धानाच्या पाळीवरचे रानमांजर

रानमांजर म्हटले की डोळ्यांसमोर घनदाट जंगल उभे राहते. पण देशावरच्या मराठीत शेतालाही ‘रान’च म्हणतात, आणि या प्राण्याच्या बाबतीत हाच अर्थ अधिक खरा आहे. दाट जंगलापेक्षा त्याला उंच गवत, लव्हाळे आणि जवळचे पाणी प्रिय. १७७६ मध्ये ग्युल्डेनश्टेट या निसर्ग-अभ्यासकाने त्याचे वर्णन करून ‘चाऊस’ हे नाव दिले, तेही कॉकेशसमधल्या तेरेक नदीकाठच्या प्राण्यावरून. नाईलच्या खोऱ्यापासून आग्नेय आशियापर्यंत ही जात पसरलेली आहे.

आमच्या लाखांदूर तालुक्यात वैनगंगा आणि चुलबंद यांचे काठ आहेत, तलाव-बोड्या आहेत आणि नजर पोचेल तिथवर धानाच्या बांध्या. रानमांजराला याहून सोयीचे घर कोणते?

घरच्या मांजरापेक्षा ते अंगाने मोठे आणि पायांनी उंच. रंग वाळलेल्या तणसासारखा, कानांच्या टोकांना काळसर केसांचा झुपका, शेपूट आखूड आणि टोकाशी काळी. वाघाटी याहून फार लहान. दीड किलोच्या आतबाहेरची, अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी असलेली. दोघींना एकच समजण्याची चूक सर्रास होते.

रानमांजर निव्वळ निशाचर नाही. सकाळी दव सुकण्याआधी आणि उन्हे कलल्यावर मी ते पाळीवरून चालताना अनेकदा पाहिले आहे. मध्येच ते थबकते, कान पुढे वळवते आणि गवतातल्या खसफशीवर उंच झेप घेते. पोहण्यातही ते तरबेज. बोडीच्या काठाला मासे, बेडूक, पाणपक्षी धरते. तरी त्याचे मुख्य अन्न उंदीरच. राजस्थानातील सरिस्का येथील अभ्यासात एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खाते, असा अंदाज निघाला. तीनच धरले तरी वर्षाकाठी हजारावर उंदीर होतात. धान लोंबीवर आला की उंदीर काय नुकसान करतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

असा फुकटचा राखणदार आपल्याच हातून मरतो. ब्रोमाडायोलोनसारखे औषध उंदराला लगेच मारत नाही. ते रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते आणि मरण यायला काही दिवस लागतात. तोवर सुस्तावलेला उंदीर सहज पकडला जातो, आणि विष शिकाऱ्याच्या पोटात जाते.

दुसरा धोका कापणीचा. मादी सुमारे दोन महिन्यांच्या गर्भधारणेनंतर बहुधा दोन-तीन पिल्ले देते, आणि त्यांना दाट गवतात किंवा उभ्या पिकात दडवते. मोठ्या रानमांजराच्या अंगावर खुणा पुसट असतात, मात्र पिल्लांवर पट्टे-ठिपके स्पष्ट दिसतात. शेजारच्या ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघांची वस्ती दाट. त्यामुळे विळ्यापुढे असे पिल्लू आले की ‘वाघाचा बच्चा!’ अशी हाकाटी होते. ही भीती खोटी नाही. वाघाच्या सावलीत शेती करणाऱ्यांना तिची टिंगल करण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण त्या गलक्यात पिल्ले मारली तरी जातात, नाहीतर ‘पोरकी’ म्हणून कुणीतरी घरी नेते. ती पोरकी नसतात. मादी शिकारीला गेलेली असते किंवा माणसांच्या आवाजाने आसपासच दबून बसलेली असते. माणसे पांगली की ती येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते.

म्हणून पिल्ले दिसली तर तेवढा तुकडा त्या दिवशी न कापता सोडावा, कुत्री दूर ठेवावीत आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिल्ले उचललीच असतील, तर अंधार पडण्यापूर्वी त्याच जागी परत ठेवण्याची व्यवस्था वनकर्मचाऱ्यांकडून करून घ्यावी. जुन्नरच्या ऊसपट्ट्यात वाघाटीची पिल्ले अशाच रीतीने आईपर्यंत पोचवली गेली आहेत.

रानमांजर आज नामशेष होण्याच्या काठावर नाही. पण त्याचा आसरा केवळ अभयारण्यात नाही. तो आहे पाळीवरच्या हातभर गवतात, बोडीच्या लव्हाळ्यात, म्हणजे शेतकऱ्याच्या मर्जीत. कापणीनंतर पाळ पेटवताना तेवढी पट्टी राखली, तर पुढच्या हंगामात उंदरांवर पहारा आपोआप बसेल.