मोठ्यांचा चहा आणि लोकांच्या वावड्या

मरोळमध्ये चहाच्या टपरीपासून खानावळीपर्यंत असे दुकान शोधून सापडणे कठीण, की ज्याच्या नावावर एखाद्या नटाची गोष्ट सांगितली जात नाही. अमुक हिरो नाव होण्याआधी इथे उधारीवर जेवत होता. तमुक नटीची गाडी रात्री दोन वाजता इथे थांबली होती. खलनायकाचे काम करणाऱ्या कुणी वड्याचे शंभर रुपये दिले आणि सुटे परत घेतलेच नाहीत. सांगणारा स्वतः तिथे नव्हता, पण त्याच्या मेहुण्याच्या मित्राने पाहिले होते!

या गोष्टी मरोळातच एवढ्या का पिकतात, याचे कारण उघड आहे. महाकाली लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर कमालिस्तान स्टुडिओ होता. साकीनाक्याच्या पलीकडे चांदिवलीचा स्टुडिओ. मरोळ-मरोशी रस्त्याने आरे वसाहतीतून गेले, की गोरेगावची चित्रनगरी. दुसऱ्या अंगाला विमानतळ. म्हणजे सिनेमाची माणसे या भागातून जात-येत राहणारच, आणि भूक तर नटालाही लागतेच. त्यामुळे शंभरातल्या दहा गोष्टी खऱ्याही असतील. प्रश्न त्या खऱ्या की खोट्या हा नाही. ज्या कुटुंबाचे ते दुकान आहे, त्याच्या पदरात या गोष्टींतून काय पडते, हा आहे.

हिशेबाची वही काय सांगते

आमचा अर्धा जन्म जमा-खर्च मांडण्यात गेला आहे, म्हणून आधी हिशेबच मांडतो. नट एकदा येतो. एक चहा घेतो, फार तर दोन वडे खातो. त्याच्याबरोबरच्या फोटोला काचेची चौकट करायला दुकानदाराला जो खर्च येतो, तेवढाही गल्ल्यात पडत नाही. त्याची गोष्ट ऐकून आठवडाभर बघे जमतात. त्यांतले निम्मे नुसते उभे राहतात, आणि त्यांच्या गर्दीमुळे रोजचे गिऱ्हाईक पुढच्या टपरीवर जाते.

दुकान चालते ते दुसऱ्याच माणसांवर. 1973 साली इथे सीप्झ उभे राहिले, शेजारी एमआयडीसीचे कारखाने होतेच. पहिल्या पाळीला जाणारा कामगार, पॅकिंगमधल्या बाया, रिक्षावाले, हमाल, 2014 नंतर मेट्रोने येणारी कचेरीतली पोरे, ही माणसे महिन्याचे सव्वीस दिवस येतात. त्यांचा फोटो कोणी भिंतीवर लावत नाही. पण दुकानाचे भाडे तेच भरतात.

गोड वावडी आणि कडू कुजबूज

आमच्या ओळखीचे एक बौद्ध कुटुंब याच भागात पोळी-भाजीचे दुकान चालवते. नाव-पत्ता देत नाही, कारण त्यांना उद्याही तिथेच धंदा करायचा आहे. नवऱ्याची कारखान्यातली नोकरी गेली. बायको घरी चार डबे करून देत होती, त्याचे वीस झाले, आणि मग गाळा भाड्याने घेतला. गिऱ्हाईक तिला मावशी म्हणते. थोरली मुलगी कॉलेज सांभाळून हिशेब लिहिते, धाकटा डबे पोचवतो.

एका संध्याकाळी मालिकांत काम करणारा एक ओळखीचा चेहरा गाडीतून उतरला आणि झुणका-भाकर खाऊन गेला. झाले! दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी, की तो रोज येतो. चौथ्या दिवशी, की दुकानात त्याचीच भागी आहे. लोक कौतुकाने आत येऊ लागले. आत आले म्हणजे भिंतीकडे पाहणे आलेच. भिंतीवर तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर.

त्यानंतर दुसरी बातमी फिरू लागली. ती कोणी मोठ्याने बोलले नाही. "ते कोण आहेत, ठाऊक आहे ना?" एवढेच. कारण विचारले तर कोणी जातीचे नाव घेत नव्हते. तेल जुने वाटते, हात स्वच्छ नसतात, पाणी कुठले भरतात कोण जाणे, अशी कारणे निघाली. तेल तेच, हात तेच, नळही तोच. महिनाभरात आठ डबे बंद झाले.

वाचक हो, मुद्दा इथे आहे. "तुमच्या हातचे खाणार नाही" असे तोंडावर म्हणण्याची आज शहरात कोणाची छाती नाही, आणि कायद्याचे भयही आहे. म्हणून हे काम कुजबुजीकडून करवून घेतले जाते. कुजबुजीला साक्षीदार नसतो, तिच्यावर कोणाची सही नसते. गोड वावडी आठवड्यात विरते. कडू कुजबूज मात्र गल्ल्यावर बसून राहते.

नातेवाइकांनी सल्ला दिला, तसबीर आतल्या खोलीत न्या, तिथे त्या नटाचा फोटो लावा, धंदा आधी. मावशीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "ज्यानं वाढलेलं खाल्लं त्याचा फोटो लावू, आणि ज्यानं वाढायचा हक्क दिला त्याला आत ठेवू?" तसबीर जिथे होती तिथेच राहिली.

भाऊसिंगजी रस्त्यावरचा चहा

मावशीचा हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात तो गंगाराम कांबळे यांच्यापुढे उभा होता. गंगाराम महार समाजातले, छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवले, एवढ्यासाठी त्यांना निर्दयपणे मारहाण झाली. महाराजांच्या कानी हे गेले तेव्हा ते संतापले. त्यांनी गंगारामांना नोकरीच्या चाकोरीतून बाहेर काढले आणि स्वतःचा धंदा कर म्हणून पाठबळ दिले. भर वस्तीत, भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांचे चहाचे दुकान उभे राहिले. त्याचे नाव सत्यसुधारक हॉटेल.

दुकान स्वच्छ, चहा चांगला. पण कोल्हापूरभर चर्चा एकच, महाराने हॉटेल काढले! चर्चा करायला सगळे, चहा प्यायला कोणी नाही. हे महाराजांना कळले. मग त्यांनी आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करवली, गंगारामांना हाक मारून चहा मागवला, आणि भर रस्त्यात सर्वांदेखत तो प्याले. नुसते स्वतः प्याले नाहीत, बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावला. आणि असे एकदा नव्हे, वरचेवर केले. अर्जावर सही हवी असेल त्याने आधी गंगारामचा चहा घ्यावा, अशी महाराजांची रीत होती, ही आठवण कोल्हापुरात सांगतात.

इथे थोडे थांबून पाहा. मरोळच्या नटाचा चहा आणि महाराजांचा चहा, दोन्ही थोरामोठ्यांचेच. फरक कुठे? नटाला भूक लागली म्हणून तो आला. दुकान कोणाचे हे त्याला माहीतही नव्हते. महाराज दुकान कोणाचे आहे हे माहीत होते म्हणूनच आले. त्यांनी बरोबरच्यांना प्यायला लावले, म्हणजे बाटण्याची भीती एकट्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर राहिली नाही. आणि ते पुन्हा पुन्हा आले, म्हणून कुजबुजीला दम टाकायला जागा राहिली नाही. त्याच सुमारास, 1919 साली, सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम त्यांनी आपल्या संस्थानात काढले होते. एका हाताने हुकूम आणि दुसऱ्या हातात चहाचा कप! नुसत्या हुकमाने जे झाले नसते, ते या कपाने झाले.

6 मे 1922 रोजी महाराजांचे निधन झाले. त्यांचे स्मारक कोल्हापुरात उभारायला जे पुढे सरसावले, त्यांत हेच गंगाराम कांबळे होते. चहावाल्याने राजाचे स्मारक उभारावे, याहून मोठी पावती कुठली?

अफवेने डोकी फोडली

कुजबुजीला आपण हसण्यावारी नेऊ नये, हे महाडने शिकवले आहे. महाडच्या बाजारात आपल्या माणसाला कप मिळत नव्हता की पाणी. तेव्हा रा. बा. मोरे यांच्या पुढाकाराने आपल्या लोकांसाठी तिथे एक चहाचे दुकान निघाले होते. बाजाराला आलेला गावोगावचा माणूस तिथे टेकू लागला, गाऱ्हाणी सांगू लागला. माणसे एकत्र बसली म्हणजे विचारही एकत्र बसतो. मोरे पुढे महाडच्या परिषदेच्या संयोजकांत होते.

19 आणि 20 मार्च 1927 ची ती परिषद. परिषदेला पिण्याचे पाणीसुद्धा विकत घ्यावे लागले. 20 तारखेला बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. परतल्यावर गावात अफवा सोडण्यात आली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा बेतच नव्हता. पण एवढ्या एका वाक्यावर जमाव लाठ्या घेऊन निघाला. मंडपात जेवत असलेल्या आपल्या बांधवांवर तुटून पडला. अन्न मातीत गेले, डोकी फुटली. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आवरले नसते, तर तो दिवस कुठे गेला असता कोण जाणे. खोट्या वाक्याला रक्त सांडायला वेळ लागत नाही.

आपल्याही तोंडी वावड्या नकोत

दुसऱ्यांच्या वावड्या मोजताना आपल्याही मोजल्या पाहिजेत. मुंबईत काळ्या घोड्याजवळ वेसाइड इन नावाचे उपाहारगृह होते. बाबासाहेब तिथे जाऊन बसत, असे आवर्जून सांगतात. कवी अरुण कोलटकरांचीही ती बसण्याची जागा. आता ते बंद झाले आहे. पण आपल्यातले काही उत्साही बांधव भाषणात ठोकून देतात, की राज्यघटना त्याच टेबलावर लिहिली गेली!

हे सांगून आपण बाबासाहेबांना मोठे करत नाही. 29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली. दिल्लीत कलमाकलमावर खल झाला, संविधान सभेत दुरुस्त्यांना उत्तरे द्यावी लागली, आणि 26 नोव्हेंबर 1949 रोजी घटना स्वीकारली गेली. प्रकृती साथ देत नसताना बाबासाहेबांनी केलेले हे कष्ट एका चहाच्या टेबलावर आटोपून टाकणे म्हणजे त्यांची मजुरी बुडवणेच आहे. ज्या समाजाला अफवेने मार खावा लागला, त्याने स्वतःच्या पोराबाळांना तरी पारखून घेतलेलेच सांगावे.

कायदा कुठवर येतो

घटनेच्या 15 व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले आपल्याला उघडी केली. 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. 1955 चा कायदा आला, 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. 2015 च्या दुरुस्तीने सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे, अगर तशी धमकी देणे, हाही त्यात गुन्हा ठरला. कोणी सोसायटीच्या सभेत किंवा फोनवरच्या गटात "त्यांच्याकडून घेऊ नका" असे जातीवरून सांगत असेल, तर तो मजकूर जपून ठेवा, तारीख-वेळ लिहून ठेवा, आणि कार्यकर्त्याला बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जा. ऐकीव तक्रार टिकत नाही, कागद टिकतो.

पण कायद्याची हद्दही ओळखली पाहिजे. तो आपल्याला दुसऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून आत नेतो. आपल्या दुकानात गिऱ्हाईक आणून बसवत नाही. ते काम कोल्हापुरात महाराजांनी केले. आज ते कोणी करायचे?

आम्ही म्हणतो, आपणच. मावशीचे आठ डबे गेले, तेव्हा आमच्या विहारातल्या बैठकीत हा विषय निघाला. निषेधाचा ठराव सुचवणारे बरेच होते. एका ताईंनी सरळ विचारले, की इथे बसलेल्यांपैकी तिच्याकडून डबा कोण घेतो? तीन हात वर झाले. मुलाच्या वाढदिवसाला आपण काचेच्या हॉटेलात जाऊन बिल रोख भरतो, आणि आपल्या माणसाच्या दुकानात "जयभीम, मांडून ठेवा" म्हणतो. उधारीने दुकान बुडते ते बहिष्कारापेक्षा लवकर!

त्या बैठकीनंतर पाच घरांनी डबा लावला, महिन्याचे पैसे आगाऊ देऊन. एक बांधव आपल्या कारखान्यातल्या इतर समाजाच्या चार मित्रांना जेवायला घेऊन जाऊ लागला. दर शनिवारी, आणि तसबिरीखालच्याच बाकावर. आठ डब्यांतले दोन परतही आले, भाकरीची चव त्यांना दुसरीकडे मिळाली नाही म्हणून. धंदा अजून पहिल्यासारखा नाही, पण भाडे थकलेले नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत आपल्या माणसाची टपरी, शिवणाचे दुकान, पोळी-भाजी केंद्र जे असेल, तिथे या महिन्यात जा. एकटे जाऊ नका, बरोबर कोणाला तरी न्या. माल वाईट असेल तर दुकानदाराला बाजूला घेऊन सांगा, बाहेर बोलू नका. चांगला असेल तर बाहेर सांगा. आणि उठताना पैसे रोख द्या.

जयभीम!