जुनी गोटी घेताय? आधी भिंग घ्या!

जुन्या काचेच्या गोट्या विकायच्यात? मग आधी ओळखायला शिका. गोटी भिंगाखाली फिरवा. काच तोडल्याचा खडबडीत डाग दिसला, तर ती हातानं केलेली, बहुतेक जर्मन. मशीनच्या गोटीवर तो सहसा नसतो. अमेरिकेतल्या ॲक्रो ॲगेट कंपनीची 'कॉर्कस्क्रू' ओळखायला सोपी: रंगाची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्क्रूच्या आट्यांसारखी फिरते. कंपनी १९५१ मध्ये बंद पडली.

मी पहिल्याच खरेदीत फसलो. 'दुसऱ्या महायुद्धाआधीच्या' म्हणून घेतलेल्या डब्यात निम्म्या निघाल्या 'कॅट्स आय', आपण लहानपणी खेळायचो त्याच, आत रंगीत पाकळ्या असलेल्या! त्या जपानहून अमेरिकेत पोचल्याच १९५० च्या सुमारास. पैसे गेले.

आणि हो, चरे दिसले तरी पॉलिश करू नका. संग्राहकाला मूळ पृष्ठभागच हवा असतो, भाव उतरतो.